गोर्स्की हॉल मी वाचवला

मंगळवार, ४ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजायचं यंत्र दिलं आणि सोबत वही ठेवायला सांगितली. राग कधी येतो, कुणाचा येतो, ते रोज लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, एका वहीत मावणार नाही. त्या हसल्या नाहीत.

तर आजचा पहिला राग टेसाचा. टेसा होल्म, आमच्या पेपरची संपादक, वय चौतीस, मूळची ओरेगनची. ती म्हणाली, "ड्वेन, तुमचं 'तिथे काय होतंय?' हे सदर सगळ्यात जास्त वाचलं जातं. आठवड्यातून दोनदा द्याल का?" एकोणीस वर्षं मी मिलवॉकीतले कारखाने एकेक करून बंद कसे पडले ते लिहिलं, तेव्हा कुत्रं फिरकलं नाही. आता लोक पत्र पाठवून विचारतात की जुन्या चपलांच्या दुकानाच्या जागी काय येणार, आणि मी शोध घेऊन सांगतो: तळलेली कोंबडी. दर वेळी तळलेली कोंबडीच येते. आणि लोक खूश.

संध्याकाळी गोर्स्कीत गेलो. एकतीस वर्षं मंगळवारी मी तिथेच असतो. सहा पट्ट्यांचा बोलिंग हॉल, पुढे बार, वरच्या मजल्यावर मालकीण लोइस राहते. तिचा नवरा रे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून एकटी सगळं बघते. आमच्या संघात मी, लोइस, बुच आणि बुचची बायको कॅरल. आज लोइस खेळली नाही. खुबा दुखतोय म्हणाली. मी दुसरा पेला घेत असताना ती समोर येऊन उभी राहिली. हातात फडकं होतं, पण पुसत काही नव्हती.

"ड्वेन, मी हॉल विकतेय. शिकागोचे लोक आहेत. पाडून मोठी इमारत बांधणार आहेत. मला चांगले वाटले ते."

एवढंच बोलली आणि फ्राइज आणायला आत गेली.

मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होतो. लोइस माझ्याशी इतकं सरळ कधीही बोललेली नाही. आमच्याकडे कुणीच बोलत नाही. घराला आग लागली तर आमची माणसं म्हणतील, "जरा ऊब आहे नाही आज." जेवण घशाखाली उतरलं नाही तर, "वेगळंच आहे हो चवीला." जावई पसंत नसला तर, "उंच आहे चांगला." मी या शहरात बासष्ट वर्षं काढली आहेत. ही भाषा मला येते. 'चांगले वाटले' म्हणजे तिला त्यांची भीती वाटते. 'विकतेय' म्हणजे हा सौदा तिच्या गळ्यात कुणीतरी मारतंय. आणि हे सगळं मला येऊन सांगणं म्हणजे, ड्वेन, काहीतरी कर.

दाब १५८/९६.


गुरुवार, ६ सप्टेंबर

दिवसभर काउंटीच्या नोंदणी कचेरीत. तिथल्या बाईने मला बघून उसासा टाकला. सापडलं. ऑगस्टमध्ये जन्माला आलेली एक कंपनी, नाव 'कॉर्नर ओक', पत्ता शिकागोतल्या वकिलाचा. तिने लोइसकडून हॉल विकत घेण्याचा हक्क ३१ डिसेंबरपर्यंत राखून ठेवलाय. हे लोक नेहमी झाडाचं नाव देतात आणि आधी झाडं तोडतात.

कागदावर सापडलं हे फार बरं झालं. लोइसने बारवर सांगितलेलं मी छापत नाहीये. सार्वजनिक नोंद छापतोय. यात कुणाचा विश्वासघात नाही.

कंपनीच्या मागे जो माणूस आहे त्याला फोन केला. ब्रेंट हॅलोरन. "ड्वेन," म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर विचारलं, "ड्वेन म्हटलं तर चालेल ना?" मी म्हटलं, पाव्लिक म्हणा. तो म्हणाला की त्याला तो कोपरा 'जिवंत' करायचाय. मी विचारलं, मेलाय कधी? तो म्हणाला मंगळवारी येतो, प्रत्यक्ष बोलू.


मंगळवार, ११ सप्टेंबर

आला. मोज्यांशिवाय बूट. इलिनॉयची, म्हणजे शिकागोकडची, नंबरप्लेट लावलेली गाडी दारासमोरच उभी केली, म्हणजे आत शिरायच्या आधीच सगळ्या बारची मनं दूषित झाली. वर त्याने आमचं नेहमीचं कॉकटेल मागितलं, पण व्हिस्कीचं. साखर, संत्र्याची फोड, चेरी, सगळं घालून वर व्हिस्की. इथे त्यात ब्रँडी पडते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोइसने मुकाट्याने व्हिस्कीची बाटली शोधून पुसली आणि ओतली.

त्याने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. बुचशी हवापाण्याबद्दल बोलला. चौऱ्याऐंशी घरं, खाली दुकानं, मागे गाड्या. "इथल्या लोकांनाच इथे राहता यावं असा आमचा प्रयत्न आहे," म्हणाला. मी म्हटलं, इथले लोक इथेच राहतात, तुम्ही कुठून आलात ते बघा. सगळे हसले. लोइस हसली नाही, बिचारी. धास्तावलेली असणार.

तो गेल्यावर तिने बारवर त्याने दिलेला इमारतीचा नकाशा पसरला. चष्मा लावून एका ठिकाणी बोट ठेवलं.

"ड्वेन, तळमजल्याच्या घरात फार थंडी वाजते का रे? खिडक्या दक्षिणेला आहेत म्हणतो तो."

"अगं, कसल्या खिडक्या! पुठ्ठ्याच्या असतात. दोन हिवाळ्यांत फटी पडतात. या लोकांना फक्त बांधायचं असतं आणि विकून पळायचं असतं. तळमजल्यावर कोण राहणार? येणारेजाणारे थेट स्वयंपाकघरात बघतात."

"पडदे लावले तरी?"

"पडदे लावले तर अंधार."

तिने नकाशाची घडी घातली. नकाशाखाली मोजायची टेप होती, तीही उचलून खणात ठेवली. शत्रू किती जागा गिळणार ते मोजत बसली असणार.


गुरुवार, १३ सप्टेंबर

आज छापून आलं. मथळा माझाच: शिकागोला हवाय आपला मंगळवार. मी फक्त खऱ्या गोष्टी लिहिल्या. इमारत १९२७ची, वरच्या विटा मेणासारख्या पिवळ्या, बारचं लाकूड एका जुन्या दारूभट्टीतून आलेलं. आणि शेवटी सहज म्हणून एक परिच्छेद: शहरातल्या कुणाही रहिवाशाला दोन पानी अर्ज करून एखाद्या इमारतीला तात्पुरतं संरक्षण मागता येतं, मालकाची संमती लागत नाही, आणि ते मिळालं की सहा महिने इमारतीला हात लावता येत नाही. मी अर्ज करा असं लिहिलं नाही. नियम काय तो सांगितला.

दुपारी लोइसचा फोन आला.

"वाचलं मी, ड्वेन."

"मग? कसं वाटलं?"

"अक्षर मोठं केलंय नाही पेपरवाल्यांनी. वाचायला बरं पडतं."

मग तिकडे पाऊस पडतोय का ते विचारलं. आमची घरं एकमेकांपासून नऊ रस्त्यांवर आहेत. मी म्हटलं पडतोय. ती म्हणाली इकडेही. आनंदाने तिला बोलवत नव्हतं, एवढंच मला कळलं.


शनिवार, २२ सप्टेंबर

दुपारी गोर्स्कीत मांसाची सोडत, म्हणजे तिकीट काढायचं आणि नंबर लागला की मांस घरी न्यायचं. पन्नास लोक होते, एरवी पंधरा असतात. माझ्या लेखाने आणलेत. बुचला डुकराची अख्खी मांडी लागली आणि ती त्याने मुलासारखी मांडीवर घेतली.

हार्लन बीब नावाचा एक निवृत्त बँडमास्तर मला शोधत आला. आयुष्यात कधी बोलिंगचा चेंडू उचललेला नाही, पण जुन्या विटा बघून त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. अर्जाची दोन पानं सोबतच आणली होती. मला म्हणाला, "पाव्लिकसाहेब, बांधकामाचं साल, मालकांची नावं, एवढं सांगाल का?" मी सांगितलं. लिहून घ्यायला त्याला फार वेळ लागत होता, म्हणून एक पान मीच लिहिलं. सही त्याची आहे.

बुच सगळं बघत होता. बुच तीस वर्षं यंत्रशाळेत होता, तोलूनमापून बोलतो.

"लोइसला विचारलंस का रे?"

"विचारायचं काय? तिचं तोंड बघ ना."

"बघितलं," बुच म्हणाला. "काल जिना चढताना बघितलं. बावीस पायऱ्या आहेत. तीनदा बसली."

"म्हणून तर. असल्या बाईला ते घराबाहेर काढताहेत."

बुचने मांडीवरच्या मांडीकडे पाहिलं आणि तिचा कागद नीट केला. बुचचंही हेच. जे बोलायचं ते कधी बोलणार नाही.


सोमवार, १ ऑक्टोबर

टेसाने केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, म्हणजे भांडण.

"शिकागोच्या कंपनीचं पत्र आलंय. त्या हॉलशी तुमचा काही संबंध आहे का?"

"मंगळवारी खेळतो."

"किती दिवसांपासून?"

"एकतीस वर्षं."

तिने डोळे मिटले. "आणि मालकीण?"

"मैत्रीण आहे. त्यात काय? या शहरात मी ज्याच्याबद्दल लिहितो तो एकतर माझ्या शाळेतला असतो नाहीतर त्याच्या बहिणीशी मी कधीतरी फिरलेला असतो. तुझ्या ओरेगनमध्ये अनोळखी माणसांबद्दल लिहीत असतील."

"ड्वेन, तुम्ही त्यांच्याशी बोललात का? म्हणजे बातमीसाठी. वही काढून. 'तुम्हाला काय हवंय' असं विचारून?"

मला हसू आलं. वही काढून लोइसला विचारायचं! बाईला इथे सात वर्षं झाली, अजून आमच्या माणसांशी बोलायचं कसं ते कळलं नाही. वही काढली की आमचा माणूस म्हणतो, सगळं छान आहे.

आता प्रत्येक लेखाखाली 'लेखक या हॉलचे नियमित ग्राहक आहेत' अशी ओळ टाकणार म्हणे. जाहिरातवाल्यांनी कान भरलेले दिसतात. दाब लिहीत नाही. यंत्र चुकीचं दाखवतंय.


मंगळवार, ९ ऑक्टोबर

हॉल भरलेला. कुणीतरी 'गोर्स्की वाचवा' अशा पाट्या छापून आणल्या. लोइसने एक हातात घेतली, उलटसुलट बघितली, आणि म्हणाली, "किती खर्च केला रे तुम्ही." मग ती बारच्या मागे भिंतीला टेकून ठेवली, अक्षरं भिंतीकडे करून. रंग ओला असेल.

मी दोनशे चौदा गुण केले. सात वर्षांत पहिल्यांदा.


सोमवार, १२ नोव्हेंबर

सुनावणी. नगरपालिकेतली तिसऱ्या मजल्यावरची खोली, दिव्यांचा उजेड रोगट. आमची चाळीस माणसं पाट्या घेऊन मागे उभी. यातली बरीचशी मी रे गोर्स्कीच्या दफनानंतर आजच पाहिली. लोइस डबाभर लिंबाच्या वड्या घेऊन आली होती. समितीला दिल्या, आम्हाला दिल्या, हॅलोरनला आणि त्याच्या वकिलालाही दिल्या. त्या माणसाने दोन खाल्ल्या.

हार्लन बीब विटांबद्दल अकरा मिनिटं बोलला. मग हॅलोरन बोलला. गुळगुळीत. "मालकीणबाईंच्या इच्छेचा समितीने विचार करावा," म्हणाला. तिच्या तोंडचा घास काढतोस आणि तिचीच इच्छा सांगतोस, असं मला ओरडावंसं वाटलं, पण पत्रकारांच्या बाकावर बसून ओरडता येत नाही.

शेवटी अध्यक्षबाईंनी लोइसला बोलावलं. ती काठी टेकत मायक्रोफोनशी गेली. काठी नवीन दिसली. पर्समधून एक कागद काढला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. चष्मा लावला. मग मागे वळून आमच्याकडे पाहिलं. चाळीस माणसं, चाळीस पाट्या, प्रत्येकीवर तिचं आडनाव. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मीही वाजवली असेन.

लोइसने कागदाची घडी घातली.

"मी लोइस गोर्स्की," ती म्हणाली. "वरच राहते. सगळे आलात, फार बरं वाटलं. माझ्यामुळे कुणाला त्रास व्हावा असं मला नाही वाटत. तुम्ही सगळे ठरवाल ते ठीकच असेल."

एवढं बोलून जागेवर येऊन बसली. शाब्बास, लोइस! शिकागोवाल्याच्या तोंडावर! पाच विरुद्ध शून्य. सहा महिने हात लावायचा नाही, आणि शिकागोवाल्याचा हक्क तर ३१ डिसेंबरलाच संपतो.

बाहेर हॅलोरनने मला गाठलं. त्याच्या कोटावर वडीची साखर सांडली होती.

"तुम्हाला वाटतंय तुम्ही मला हरवलंत," तो म्हणाला. "माझ्याकडे वेस्ट ॲलिसला दुसरी जागा आहे. उद्या सकाळी तिच्यावर काम सुरू करेन. तिच्याकडे दुसरी जागा नाही, पाव्लिक."

"धमकी देतोस?"

त्याने कोटावरची साखर झटकली. "नाही," म्हणाला, आणि जिन्याने खाली गेला. हरलेला माणूस असाच काहीतरी बोलतो.


मंगळवार, १३ नोव्हेंबर

गोर्स्कीत लग्नघरासारखी गर्दी. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. लोइस खाली आली नाही. बार बुचने सांभाळला. वर जाऊन बघू का, असं मी विचारलं. "राहू दे," बुच म्हणाला. कालच्या धावपळीने थकली असणार.


शुक्रवार, २३ नोव्हेंबर

अर्धं शहर हरणांच्या शिकारीला गेलंय. उरलेलं अर्धं गोर्स्कीत मासे खायला. हॅलोरनने माघार घेतल्याचं पत्र बुधवारी आलं. मी आजच्या अंकात पहिल्या पानावर छापलं. टेसाने मथळ्यातला 'विजय' शब्द काढला. तिला काढू दे.

शिकारीच्या नारिंगी जाकिटातल्या एका टोळक्याने माझ्या नावाने पेले उंचावले. लोइस माशांची ताटं घेऊन आली होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले, आता ही काय बोलते म्हणून. ती मला म्हणाली, "अजून लिंबू हवंय का?"

मी म्हटलं, हो. ती लिंबू आणायला स्वयंपाकघरात गेली आणि ते कॅरलच्या हाती पाठवलं.


मंगळवार, ११ डिसेंबर

सहाव्या पट्टीच्या मागे, चेंडू परत येतात तिथे, एक घडीची खाट दिसली. उशी, रजई, रेडिओ, औषधाच्या बाटल्या. मी लोइसला चिडवलं, "काय गं, हॉलवर पहारा देतेस की काय?"

"खाली गरम असतं," ती म्हणाली.

तिला या जागेचा एवढा लळा, की वरच्या मजल्याइतकंही लांब राहवत नाही. मला गहिवरून आलं, हे कबूल करतो. असंच एखादं छोटं मनोगत लिहावं नाताळच्या अंकात, असं ठरवलं.

लिहायच्या आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "नको लिहूस, ड्वेन." फार साधी बाई आहे. मी लिहिलं.


बुधवार, ३० जानेवारी

उणे पंचवीस. शाळा, बँका, टपाल, सगळं बंद. सकाळी बुचचा फोन. गोर्स्कीचा बॉयलर पहाटे बंद पडला, वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि पाणी छतातून खाली आलं. लोइस खाटेवर होती. तिने बुचला फोन केला, तोपर्यंत बुटांच्या कपाटापाशी बर्फ धरला होता.

मी गेलो. सहाही पट्ट्या फुगून उचलल्या गेल्यात. नव्वद वर्षांचं लाकूड. एकेक फळी पाठ वर करून पडलीय. मी तिथे उभा राहून शिव्या घातल्या, बॉयलरला, थंडीला, शिकागोला. बुच लोइसला गाडीत बसवत होता. तिच्या अंगावर रेचा शिकारीचा कोट होता. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. मला वाटलं थंडीने.


गुरुवार, ७ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळभर मी फोन केले. जुन्या इमारतींच्या समितीला विचारलं, दुरुस्तीला मदत मिळेल का. तिथल्या माणसाने सांगितलं, मदत नाही, पण दुरुस्ती मात्र समितीला विचारून करावी लागेल, मूळ जातीचंच लाकूड वापरून. तीन बिल्डरांना विचारलं, जागा घ्याल का. तिघेही म्हणाले, संरक्षणाखालची? नको. एकजण म्हणाला, "तूच लिहिलं होतंस ना?"

ही सगळी माहिती घेऊन बुचच्या घरी गेलो. लोइस स्वयंपाकघरात बसली होती, पाय खुर्चीवर. कॅरलने मला कॉफी दिली आणि बुचला घेऊन तळघरात गेली, कपडे वाळत घालायला. बुच आयुष्यात कपडे वाळत घालायला गेलेला नाही.

मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी पुन्हा लिहितो, लोक मदत करतील.

"नको, ड्वेन," लोइस म्हणाली.

"अगं, एवढ्याने हार मानायची नसते. शिकागोवाल्यांना आपण..."

"मला तिथे घर मिळणार होतं."

मला कळलं नाही. मी विचारलं, कुठे?

"तिथेच. नव्या इमारतीत. तळमजल्यावर, कोपऱ्यातलं. दोन खोल्या. एकही पायरी नाही. मरेपर्यंत राहायचं, असं करारात लिहून घेतलं होतं मी. हॅलोरन आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. मी टेप लावून रेचा सोफा मोजला, बसत होता खिडकीखाली. तुला दाखवलं होतं मी. बोट ठेवून."

"तू म्हणालीस ते लोक चांगले वाटले."

"चांगलेच होते."

"मग सुनावणीला का नाही बोललीस? एक शब्द बोलली असतीस तर..."

"चाळीस माणसं माझं नाव धरून उभी होती. त्यातली तीस माणसं वर्षभरात एकदाही बारमध्ये आली नव्हती. पण आली होती ना, माझ्यासाठी आली होती. त्यांच्या तोंडावर कसं म्हणू, पाडा म्हणून? मला नाही जमत. जमलं नाही मला कधीच." तिने कॉफीचा कप सरकवून ठेवला. "म्हणून तर तुला आधी सांगितलं. मला वाटलं, तू पेपरवाला आहेस, रोखठोक माणूस आहेस, तू माझ्या वतीने बोलशील. आठवडाभर मी ते वाक्य आरशापुढे म्हणून बघत होते. मी हॉल विकतेय. मी हॉल विकतेय. एवढं सरळ मी लग्नाला हो म्हणतानाही बोलले नव्हते."

मी म्हटलं, मला वाटलं तू...

"तुला काय वाटलं ते मी पेपरात वाचत होते," ती म्हणाली.

तळघरातून कपडे वाळवायच्या यंत्राचा आवाज येत होता. मग ती म्हणाली की मुलीने मेसाला बोलावलंय, ॲरिझोनाला. बैठं घर आहे. तिला तिथे जायचं नव्हतं. तिला त्याच कोपऱ्यावर राहायचं होतं. मंगळवारी कुठेतरी दुसरीकडे खेळायला जाऊ आपण चौघं, असं तिने ठरवून ठेवलं होतं. चौघं, असं म्हणाली.

मी तिचा कोपरा वाचवला आणि तिला तिथून उठवलं. दुसरं काही लिहिता येत नाही.


सोमवार, ११ फेब्रुवारी

टेसाने वाचकांची पत्रं पुढे केली. नऊ जणांनी एकच विचारलंय: जुन्या गोर्स्की हॉलचं आता काय होणार? मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगत होते. तिने उठून दार लावलं आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून राहिली. पाच महिने मी या बाईला शिव्या घालतोय.

मग मी लिहून दिलं: काही होणार नाही. दारावर फळ्या ठोकल्या आहेत. मालकीणबाईंना विकायचा होता. या लेखकाने तो विकू दिला नाही. टेसाने एकही शब्द बदलला नाही.


मंगळवार, १२ फेब्रुवारी

लोइस आज गेली. बुचच्या गाडीत दोन बॅगा होत्या. मी फाटकाशी थांबलो. तिला हात द्यायला पुढे झालो, पण ती कॅरलच्या खांद्याला धरून बसली. मी काचेशी वाकलो. म्हटलं, चुकलो मी, लोइस. म्हटलं, हिवाळा संपला की मेसाला येऊन भेटेन.

मला वाटलं ती म्हणेल, ये की. आमच्याकडे सगळे सगळ्यांना ये की म्हणतात. नाहीतर म्हणेल, तिकडे ऊन फार असतं म्हणे.

तिने काच पूर्ण खाली केली.

"येऊ नकोस, ड्वेन. फोनही करू नकोस. मी तुझ्यावर रागावलेय, आणि हा राग जाईल असं मला वाटत नाही."

बुचने गाडी काढली. मी घरी आलो आणि स्वयंपाकघरात कोट न काढता बसलो. तासभर ते बोलणं या बाजूने, त्या बाजूने लावून बघितलं. ती म्हणाली त्याहून वेगळं त्यात काही सापडलं नाही.